प्रकल्पवहीच्या पलीकडे : नदीच्या पाण्यावर पहिलं संशोधन कसं करावं

पदवीच्या मुलांना पर्यावरणाचा एक पेपर आणि एक प्रकल्पवही पार पाडावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातून पुढे ही वही आली. बहुतेक वह्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या असतात : प्रस्तावना, उद्दिष्टे, प्रदूषणाचे प्रकार, उपाययोजना, निष्कर्ष, मधे दोन रंगीत फोटो. उतरवणाऱ्याला ते माहीत असतं आणि सही करणाऱ्यालाही. तरी दर वर्गात दोन-चार मुलं अशी निघतात, की त्यांना खरोखर काहीतरी शोधून पाहायचं असतं. वही दिल्यावरही ती विचारत राहतात, ‘सर, पण नदीचं पाणी नेमकं कुठे खराब होतं?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे.

उदाहरण कोल्हापूरच्या पंचगंगेचं घेतलंय, कारण तिथे शिकण्यासारखं पुष्कळ एकाच ठिकाणी मिळतं : वर संगम, मधे शहर, नाले, बंधारे, खाली ऊस आणि कारखाने. तुमच्या गावचा ओढा असेल तर काम उलट सोपं जाईल.

आवड खूप मोठी असते, प्रश्न छोटा लागतो

‘मला जलप्रदूषणावर काम करायचंय’ हा विषय झाला, यावर एका वर्षात काहीच होत नाही. ‘पंचगंगेचं प्रदूषण’ हेही पीएचडीला पुरून उरेल. पहिल्या कामाचा प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या साधनांनी, तुमच्या एका वर्षात आणि एसटीच्या पासावर मिळेल. उदाहरणार्थ : अमुक नाला नदीला मिळतो, त्याच्या वर आणि खाली पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो, आणि तो फरक सकाळी आणि दुपारी सारखाच असतो का?

या प्रश्नात जागा आहे, मोजायची एकच गोष्ट आहे आणि तुलना आहे. शिवाय उत्तर ‘फरक नाही’ असं आलं तरी काम वाया जात नाही. प्रश्न लिहून झाला की तो घरात आईला वाचून दाखवा. ‘मग तू नेमकं काय मोजणार?’ असं तिने विचारलं, तर प्रश्न अजून मोठा आहे.

हल्ली मुलांना मायक्रोप्लास्टिक हवं असतं. विषय महत्त्वाचा आहे, पण पहिल्या कामाला घेऊ नका. अंगातल्या टी-शर्टचे धागेसुद्धा नमुन्यात उतरतात, आणि ते तुमचे की नदीचे हे सांगायला लागणारी प्रयोगशाळा आपल्याकडच्या थोड्याच कॉलेजांत आहे. ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते, आणि तिला लागणारी काचेची भांडी बी.एस्सी.च्या कुठल्याही रसायनशास्त्र विभागात कपाटात पडून असतात.

आधी वाचा, मग चालून या

वाचायला सुरुवात ‘शोधगंगा’वरून करा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट मिळतात. तुमच्या नदीवर, नाहीतर शेजारच्या नदीवर, कुणी ना कुणी काम केलेलं असतं. प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येईल. थेट ‘साहित्य आणि पद्धती’चं प्रकरण उघडा : नमुने कुठून घेतले, किती वाजता, किती वेळा, कशात भरले. मग तक्ते पाहा. निष्कर्ष सगळ्यात शेवटी, आणि तोही तक्त्याशी ताडून. पुष्कळ प्रबंधांत वेळेचा उल्लेखच नसतो. ती का मोठी उणीव आहे ते पुढे येईलच.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या नद्यांचे नमुने नेमाने तपासतं आणि आकडे आपल्या संकेतस्थळावर टाकतं. तुमच्या पट्ट्यातलं त्यांचं ठिकाण कोणतं ते शोधून ठेवा. तुमचं एक ठिकाण तेच ठेवलंत, तर तुलनेला आयता आधार मिळतो.

मग नदीकाठाने चालून या, बाटली न घेता. कुठे कपडे धुतात, म्हशी कुठे बसतात, शेतीपंपाचे पाइप कुठे उतरलेत, कोणता नाला बारमाही आहे आणि कोणता फक्त पावसात वाहतो, हे कच्च्या नकाशावर मांडा. काठावर मासे धरणारा कुणी भेटला तर त्याच्याशी निवांत बोला. पाण्याला वास कधी येतो, मासे वर येऊन तोंड कधी काढतात, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

ठिकाणं कशी निवडायची

इथे घाई करू नका, अर्धं संशोधन या पायरीवर ठरतं.

पहिलं ठिकाण नाल्याच्या वर, जिथे त्याचा काहीही परिणाम पोचत नाही असं. पंचगंगेसाठी प्रयाग चिखलीचा संगम सोयीचा आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी तिथवर एकत्र आलेलं असतं आणि शहर अजून लागायचं असतं.

दुसरं ठिकाण नाल्याच्या खाली. पण किती खाली? जयंती नाल्यासारखा नाला नदीला मिळतो तेव्हा त्याचं काळं पाणी लगेच मिसळत नाही. बरंच अंतर ते एका काठाला धरून वाहतं. त्या काठावरून बाटली भरली तर नदी मेलेली दिसेल, पलीकडच्या काठावरून भरली तर अगदी ठणठणीत. यावर उपाय सोपा आहे. खिशात मावणारा विद्युतवाहकता मोजायचा पेन-मीटर घ्या आणि पुलावरून किंवा नावेतून पात्राच्या दोन्ही कडांना आणि मध्यावर वाचन घ्या. सांडपाण्यात क्षार जास्त असल्याने वाहकता वाढते. तिन्ही वाचनं जवळपास सारखी येऊ लागली, की समजा पाणी मिसळलं. तुमचं दुसरं ठिकाण तिथे. (बाजारात हे मीटर ‘टीडीएस मीटर’ म्हणून मिळतात; टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ. ते मोजतात वाहकताच, आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस दाखवतात. वाहकता दाखवण्याची सोय असलेला मीटर घ्या आणि तोच आकडा लिहा.)

तिसरं ठिकाण आणखी खाली हवं, आणि त्याला कारण आहे. ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर तिथून काही अंतर पुढे. सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंना वेळ लागतो. पाणी पुढे वाहत असताना ते ऑक्सिजन वापरत जातात, आणि हवेतून ऑक्सिजन हळूहळू परत मुरत राहतो. या ओढाताणीत एक खळगा तयार होतो आणि मग पाणी सावरतं. अमेरिकेत ओहायो नदीवर काम करणाऱ्या स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये हे गणितात मांडलं. दोनच ठिकाणं घेतलीत तर तो खळगा तुमच्या हातून निसटू शकतो.

आता कोल्हापुरी भानगड. आपल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदी म्हणजे एकामागोमाग एक तळ्यांची माळ होते. बंधाऱ्याच्या वरच्या साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन खालावतो. तेच पाणी बरग्यांवरून कोसळलं की त्यात हवा मिसळते आणि पाच-पंचवीस पावलांवर आकडा वाढलेला दिसतो. घाण तेवढीच असते, फक्त पाणी घुसळलं गेलेलं असतं. म्हणून राजाराम बंधाऱ्यासारखं ठिकाण घेतलंत, तर नमुना बंधाऱ्याच्या वरचा की खालचा ते ठरवा, लिहा, आणि दर वेळी तिथूनच घ्या. बरगे कधी घातले, कधी काढले आणि राधानगरीतून आवर्तन कधी सुटलं, याच्या तारखाही वहीत हव्यात. धरणातून पाणी आलं की नाल्याची घाण पातळ होते. ‘मार्चमध्ये नदी सुधारली’ असा निष्कर्ष काढून तुम्ही मोकळे व्हाल, आणि प्रत्यक्षात फक्त दरवाजा उघडलेला असेल.

घड्याळाकडे पाहा

नवशिक्यांच्या कामात सगळ्यात जास्त गोंधळ वेळेमुळे होतो. दिवसा शेवाळ आणि पाण्यातल्या वनस्पती प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतात. रात्री तेच जीव, आणि बाकीचेही, तो फक्त वापरतात. त्यामुळे ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास सगळ्यात जास्त. हिरव्यागार, साचलेल्या पाण्यात हा फरक प्रचंड असू शकतो.

समजा, सकाळी सातला तुम्ही संगमावर नमुना घेतला, चहा-पोहे झाले, आणि शहर पालथं घालून दुपारी दोनला नाल्याच्या खाली पोचलात. खालचा ऑक्सिजन जास्त येईल. तुम्ही अहवालात लिहाल की शहरातून गेल्यावर नदी स्वच्छ होते!

उपाय तीन आहेत. दोन जोड्या करून एकाच वेळी दोन ठिकाणी जा. नाहीतर एका फेरीत वरून खाली गेलात तर पुढच्या फेरीत खालून वर या. किंवा, मला सगळ्यात पटतो तो मार्ग : ठिकाणं कमी करा, पण प्रत्येक ठिकाणी पहाटे आणि दुपारी अशा दोन्ही वेळा जा. तीन ठिकाणं, दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन बाटल्या, म्हणजे बारा बाटल्या होतात. एका विद्यार्थ्याला झेपण्याजोगं काम आहे आणि त्यातून निघणारं चित्र खूप बोलकं असतं. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर हा विषय घेऊ नका.

ऑक्टोबर ते मे दर महिन्याला एक फेरी जमली तर उत्तम. परीक्षांमुळे ते जमत नाही, हे मान्य. मग किमान ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल साधा : पाऊस ओसरल्यानंतर, गळीत हंगाम भरात असताना, आणि पाणी तळाला गेल्यावर.

काय न्यायचं, काय सांभाळायचं

तीनशे मिलीलिटरच्या बीओडी बाटल्या (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) काचेच्या बुचासकट (बूच त्याच बाटलीचं हवं, अदलाबदल नको), विंकलरची दोन द्रावणं छोट्या घट्ट बाटल्यांत, दोन पिपेट रबरी फुग्यासकट, तापमापी, वाहकता मीटर, मासेवाल्यांकडे असतो तसला थर्माकोलचा डबा, दोरी, हातमोजे, जुनी चादर, शिसपेन्सिल. बाटल्या मिळवायच्या तर विभागप्रमुखांचं पत्र लागेलच, पण त्याआधी प्रयोगशाळेतल्या मामांशी ओळख करा. कोणत्या कपाटात काय आहे आणि कोणतं द्रावण कधी केलेलं आहे, हे तेच सांगू शकतात.

एकट्याने नदीवर जाऊ नका. पावसाळ्यात तर पात्राकडे फिरकूच नका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. तुमच्या नदीची पातळी कुठे कळते ते माहीत करून घ्या. हातापायाला जखम असेल तर नाल्याच्या पाण्यात हात घालू नका, लेप्टोस्पायरोसिस असल्याच वाटेने येतो. अभयारण्यात किंवा राखीव वनात काम असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. खाजगी शेतातून काठावर उतरायचं असेल तर मालकाला विचारून उतरा. ‘कॉलेजचं काम आहे काका, पाणी तपासतोय’ एवढं बहुतेक वेळा पुरतं, आणि वर चहाही मिळतो.

बाटली भरण्यापासून रंग जाईपर्यंत

बादलीने पाणी काढून बाटलीत ओतायचं नाही. ओतताना हवा मिसळते आणि ऑक्सिजन वाढतो. बाटली तिरकी धरून पृष्ठभागाखाली साधारण वीतभर बुडवा आणि सावकाश भरू द्या, बुडबुड्यांचा आवाज न करता. पाण्यातच उभी करा, बूच आतच लावा, मग बाहेर काढा. उलटी करून उन्हाकडे धरून पाहा. आत मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ओतून द्या आणि पुन्हा भरा. पुलावरून काम असेल तर वजन बांधलेला, आत बाटली बसणारा नमुनापात्राचा डबा लागतो. पत्र्याच्या डब्यापासून वर्कशॉपवाल्याकडून करून घेता येतो.

पुढचं तिथेच, काठावर चादर पसरून करायचं. बूच काढा. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन आधी २ मिलीलिटर मँगनीज सल्फेट, मग दुसऱ्या पिपेटने २ मिलीलिटर अल्कलाइन आयोडाइड-अझाइड सोडा. थोडं पाणी बाहेर सांडेल, सांडू द्या. बूच पुन्हा लावा, बुडबुडा अडकू न देता, आणि बाटली दहा-पंधरा वेळा उलटसुलट करा.

आता बाटलीकडे बघा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, शेंदऱ्या मातीसारखा, आणि ढगासारखा हळूहळू खाली बसतो. ऑक्सिजन जितका जास्त तितका तो गडद. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. नाल्याच्या खालची पहाटेची बाटली आणि संगमावरची दुपारची बाटली शेजारी ठेवून एकदा पाहा. टायट्रेशनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने द्रावण टाकून मोजण्याच्या, आधीच उत्तर डोळ्यांसमोर असतं. या दोन बाटल्यांचा फोटो तिथेच, बाटल्यांवरचे क्रमांक दिसतील असा काढून ठेवा. सादरीकरणात तो दहा आलेखांचं काम करतो.

ही बाटली आता ‘फिक्स’ झाली, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन साक्यात बांधला गेला. सावलीत, डब्यात ठेवून प्रयोगशाळेत आणा आणि त्याच दिवशी संपवा. तिथे साका बसल्यावर २ मिलीलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड बाटलीच्या मानेवरून ओघळत सोडा. गॉगल आणि हातमोजे घालूनच. बूच लावून हलवलं की साका विरघळतो आणि पाणी पिवळं-तपकिरी होतं. तो रंग आयोडिनचा, आणि ते सुटतं मूळ पाण्यातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात. आपण यापुढे मोजतो ते आयोडिन.

मेजरिंग सिलिंडरने २०३ मिलीलिटर द्रावण फ्लास्कमध्ये घ्या. दोनशे तीन का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो : दोन्ही द्रावणांमुळे बाटलीतलं ४ मिलीलिटर मूळ पाणी बाहेर गेलं, त्याची ही भरपाई. ब्यूरेटमध्ये ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. रंग फिक्या गवताएवढा पिवळा होईपर्यंत टाकत जा, मग स्टार्चचे थेंब. निळा रंग येईल. आता एकेक थेंब, आणि निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. थोड्या वेळाने निळेपणा परत येतो, तिकडे लक्ष देऊ नका. या मापात हिशेबही करावा लागत नाही : जितके मिलीलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलीग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन.

हे सोपं गणित थायोसल्फेट खरोखर ०.०२५ नॉर्मल असेल तरच चालतं. ते ठेवल्या ठेवल्या कमजोर होतं, म्हणून दर वेळी पोटॅशियम डायक्रोमेटशी तपासून घ्या. ‘मागच्या महिन्यात केलंय की’ हे उत्तर चालणार नाही. अझाइड विषारी असतं. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, धातूच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार तयार होऊ शकतात. वेगळ्या डब्यात जमा करून प्रयोगशाळेच्या हवाली करा.

जोडीला काय मोजायचं

तापमान आणि वाहकता दर वेळी. पीएच मोजायचा असेल तर मीटर त्याच सकाळी बफरच्या गोळ्यांच्या द्रावणांवर लावून घ्या. बीओडी करता आली तर बहार, पण तिला इन्क्युबेटर लागतो. आपल्याकडे ती ३ दिवस २७ अंशांना करतात. परदेशी पुस्तकांत ५ दिवस २० अंश असतं, दोन्हीची सरमिसळ करू नका. क्लोराईड सोपं आणि उपयोगी आहे : ते जिवाणू खात नाहीत, तळाला बसत नाही, म्हणून नाल्याचं पाणी नदीत किती पातळ झालं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आणि दगड उलटून पाहा. नदीतले, वाहत्या उथळ पाण्यातले. खालच्या बाजूला चतुर-टाचणीची पिल्लं, शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लायच्या अळ्या दिसल्या तर पाणी बऱ्या स्थितीत आहे. त्यातल्या मेफ्लायना ऑक्सिजन कमी झालेला अजिबात सोसत नाही. गाळात फक्त लालभडक बारीक अळ्या वळवळत असतील, तर तिथे ऑक्सिजन तुटपुंजा आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, त्याच्या बळावर त्या तिथे तग धरतात. तुमची बाटली त्या घडीचा ऑक्सिजन सांगते, या अळ्या मागच्या काही आठवड्यांचा. मोजून, फोटो काढून परत सोडा.

वही

बाटलीवरचं लेबल शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई ओलाव्याने पसरते. लेबल बाटलीच्या अंगावर लावा, बुचावर लावलं की बुचं बदलली की सगळं बदलतं. वहीत प्रत्येक नमुन्यामागे तारीख, वेळ, ठिकाण, तापमान, ढग की ऊन, आदल्या दिवशी पाऊस होता का, पाण्याचा रंग आणि वास, केंदाळ किती पसरलंय, काठावर काय चाललंय. ‘घाटावर मूर्ती विसर्जन’, ‘वरच्या अंगाला जेसीबीने वाळू काढताहेत’ अशी ओळ पुढे एखाद्या विचित्र आकड्याचा उलगडा करते. चुकलेला आकडा खोडून काढू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा.

मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण ओल्या हातांनी ते जमत नाही आणि फोन नदीत पडला की गेला.

आकड्यांशी बोलताना

एक्सेलमध्ये मूळ आकड्यांचं पान वेगळं ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. गणितं दुसऱ्या पानावर. न पटणारा आकडा उडवून टाकायचा मोह होतो. वहीत त्या बाटलीबद्दल काही लिहिलेलं असेल (बुडबुडा राहिला, बूच सैल होतं) तरच तो बाजूला काढा, आणि काढल्याचं अहवालात सांगा.

ऑक्सिजनचा आकडा तापमानाशिवाय वाचता येत नाही. समुद्रसपाटीला २० अंशांच्या शुद्ध पाण्यात सुमारे ९.१ मिलीग्रॅम प्रति लिटर मावतो, ३० अंशांना ७.६. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथे आणखी सहा-सात टक्के कमी. एप्रिलच्या दुपारी ६.८ आला तर पाणी जवळपास भरलेलं आहे, जानेवारीच्या थंड पहाटे तोच आकडा आला तर काहीतरी कमी पडतंय. आणि दुपारी हिरव्या पाण्यात ११-१२ आला तर हुरळून जाऊ नका. पाणी शेवाळाने गच्च झालंय, आणि तिथेच पहाटे जाऊन पाहायची गरज आहे.

तुलनेसाठी अंघोळीच्या पाण्याचे निकष धरा : ऑक्सिजन ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५. सगळे घटक एकत्र करून ‘जलगुणवत्ता निर्देशांक’ नावाचा एकच आकडा काढायची फार फॅशन आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या कामात तो काढू नका. कुठे काय बिघडलं हेच त्या एका आकड्यात लपतं. पहाट आणि दुपारचे दोन रेषांचे आलेख, ठिकाणं आडव्या अक्षावर, एवढं पुरे.

मांडायचं कुठे, द्यायचं कुणाला

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा पदवीच्या मुलांना खुली असते. महाविद्यालय, विभाग किंवा जिल्हा, विद्यापीठ, मग आंतरविद्यापीठ, अशा पायऱ्या असतात. परीक्षक पोस्टरपाशी येऊन पहिल्यांदा पद्धतीचेच प्रश्न विचारतात : किती वाजता नमुना घेतला, किती बाटल्या, द्रावण तपासलं होतं का. वही सोबत न्या. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल तुम्हाला लवकरच येऊ लागतील. उत्तर देऊ नका.

निष्कर्ष ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला जरूर द्या, एका पानाचा, साध्या मराठीत. पण त्यात कुठल्याही कारखान्याचं किंवा माणसाचं नाव घालून आरोप करू नका. तुमचा नमुना अभ्यासाला चालतो, न्यायालयात चालत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना घेण्याची पद्धत ठरवून दिलेली आहे : सूचना द्यायची, नमुन्याचे भाग करायचे, मोहर लावायची. ते अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्यांचे आहेत. तुम्ही एवढंच लिहा, की अमुक ठिकाणी अमुक महिन्यांत पहाटेचा ऑक्सिजन इतका होता, मंडळाने तिथे पहाटेच्या वेळी तपासणी करावी. सांडपाणी केंद्राची क्षमता किती आणि प्रत्यक्षात किती पाणी शुद्ध होतं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज साधा असतो, मुदत ३० दिवसांची.

याच वाटेने पुढे जायचं असेल तर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत करता येते. ‘गेट’ला २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, नेटलाही हा विषय आहे, आणि नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीवर संशोधन करणारी १९५८ पासूनची राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात आहे. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत नमुन्यांची वहीही पुढे करा.

कॉलेज सोडताना मूळ आकड्यांची फाइल, ठिकाणांचा नकाशा आणि त्या वहीची झेरॉक्स विभागात ठेवून जा, खालच्या वर्गातल्या एखाद्याला नावानिशी सांगून. पुढच्या ऑक्टोबरात त्याने त्याच तीन ठिकाणी, त्याच वेळी बाटल्या भरल्या तर दुसऱ्या वर्षाचे आकडे हाती येतील, आणि नदीत खरंच काही बदललं की पाऊसच कमी-जास्त झाला, हा पुढचा प्रश्न त्याला घेता येईल.